सातव्या ओळीतलं तिसरं तिकीट

१

ज्या पाकिटाने हे सगळं सुरू झालं, ते मंत्र्यांना त्यांच्याच पक्षाच्या कचेरीतून आलं होतं. आत स्थापनादिनाच्या समारंभाचं निमंत्रण होतं आणि बाहेर आमच्या छापखान्याचं नवंकोरं तिकीट. मंत्र्यांची नजर आधी तिकिटावर गेली, आणि निमंत्रण वाचायचं राहूनच गेलं.

तिकिटावर देशाच्या स्थापनेचा प्रसंग होता. एक टेबल, त्यावर करारपत्र, मागे उभे तीन पुढारी. म्हणजे तीन असायला हवे होते. त्या तिकिटावर चार होते.

चौथ्याचं नाव आमच्या कचेरीत कोणी घेत नसे. आम्ही त्याला नुसतं 'चौथा' म्हणायचो, तेही दार लावून. करारावर सह्या झाल्या तेव्हा तो तिथे होता, हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी त्याचं आणि देशाच्या प्रमुखांचं बिनसलं, तो सीमा ओलांडून पळाला, आणि त्या आठवड्यापासून तो तिथे कधी नव्हताच असं ठरलं. शाळेच्या पुस्तकांतून गेला, कचेऱ्यांतल्या तसबिरींतून गेला. तिकिटातून त्याला काढायचं काम आमच्याकडे आलं. वरच्या लोकांचा तिकिटांवर फार जीव. भिंतीवरच्या पत्रकाकडे माणूस पाठ फिरवू शकतो. तिकिटाला मात्र जीभ लावावी लागते.

दुपारपर्यंत कळलं की शंभर तिकिटांच्या प्रत्येक तावात एकच तिकीट तसं आहे. दहाच्या ओळींतली सातवी ओळ, तिसरं; म्हणजे त्रेसष्टावं. नव्व्याण्णव ठिकाणी चौथ्याच्या जागी पडदा होता, आणि एका ठिकाणी तो स्वतः, हात मागे बांधून.

साहेबांनी मला बोलावलं. मी छापखान्याच्या दप्तरखान्याचा माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोन दिवस येतो, कारण कुठली वस्तू कुठल्या खणात आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. लोक मला पाठीमागे 'वाळवी' म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

"मंगळवारपर्यंत मला लेखी हवंय," साहेब म्हणाले. "कसं झालं आणि कोणी केलं."

"साहेब, मी कसा... पोलीस आहेत ना."

"पोलिसांना ठसा आणि रोलर यांतला फरक सांगता सांगता माझा घसा बसला. तुम्हाला काम माहीत आहे. लोक तुमच्याशी बोलतात. आणि तुमच्यावर कोण संशय घेणार?"

हे त्यांनी कौतुक म्हणूनच म्हटलं असावं.

"संशय कोणावर आहे?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "कोरणाऱ्यावर. सकाळी घेऊन गेले त्यांना. तुमचे मेहुणेच ना ते?"

२

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर सांडलेलं पीठ गोळा करत होती. घर उलटंपालटं झालं होतं.

"पदक मी पिठाच्या डब्यात लपवलं होतं," ती म्हणाली. "हवालदाराने सरळ कोपरापर्यंत हात घातला. बायकोने शिकवलं असेल मेल्याला."

ते पदक भावोजींना चौथ्याच्या हातून मिळालं होतं, उत्तम कोरकामासाठी. तेव्हा वर्तमानपत्रात फोटोही आला होता. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, टाकून दे. पण ताईने कधी काही टाकल्याचं मला आठवत नाही. आम्हा भावंडांचा तो रोगच आहे.

"ते काही बोलले होते का, ताई? त्या तिकिटाबद्दल?"

"रोज बोलायचे. माणूस कोरायला दोन आठवडे लागले, पुसायला तीन, असं म्हणायचे. जेवताना बोलायचे, आंघोळीला जाताना बोलायचे. बोलणारा माणूस कधी करतो का रे काही?" तिने पिठाचं सूप खाली ठेवलं. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. त्यांनी स्वतःच्या मनाने साधा टॉवेल विकत घेतला नाही. आणि म्हणे राजद्रोह."

"मला चौकशी करायला सांगितलीय."

"तुला?" तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बरं झालं. एवढी रहस्याची पुस्तकं वाचतोस, एकदा तरी उपयोग होऊ दे. पण तुझं ते 'असंही असेल, तसंही असेल' करत बसू नकोस. मंगळवारी त्यांना राजधानीला नेणार आहेत. तिकडे नेलेला माणूस परत आलेला मी तरी पाहिला नाही."

३

साहेबांच्या चिठ्ठीवर मला भावोजींना दहा मिनिटं भेटता आलं. चौकीच्या मागच्या खोलीत ते बाकावर बसले होते. चष्मा काढून घेतला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. कोरणारा पोलादाच्या लहानशा तुकड्यावर चित्र कोरतो. तो ठसा. ठशावरून चित्र पोलादी रोलरवर उठवतात. मग तो रोलर मोठ्या प्लेटवर शंभर वेळा दाबतात, आणि त्या प्लेटवरून ताव छापले जातात. ठशात बदल झाला की नवा रोलर करायचा आणि जुना कानशीने घासून नष्ट करायचा. नष्ट केल्याच्या दाखल्यावर तिघांच्या सह्या लागतात.

"प्लेटवर एकाच जागी माणूस कोरता येईल का?" मी विचारलं.

"मला येईल," भावोजी म्हणाले. असं उत्तर देणाऱ्या माणसाला कसं सोडवायचं? "पण मी कोरला नाही. तू भिंग घेऊन झालर बघ."

"कसली झालर?"

"टेबलक्लॉथची. पहिल्या ठशात झालरीचे गोंडे मी सरळ कोरले होते. मला ते आवडले नव्हते. चौथ्याला पुसायला ठसा परत हातात आला, तेव्हा जाता जाता गोंडे तिरके करून घेतले. कोणाला सांगितलं नाही. उगाच परवानगीचे कागद. त्या त्रेसष्टाव्या तिकिटात गोंडे कसे आहेत ते बघ, म्हणजे तुला कळेल."

परत येऊन मी भिंग लावलं. नव्व्याण्णव तिकिटांत गोंडे तिरके होते. सातव्या ओळीतल्या तिसऱ्यात ते सरळ होते.

मी खुर्चीत टेकलो. चौथ्याला चोरून आत आणणारा माणूस चौथ्याला कोरेल. टेबलक्लॉथचे गोंडे कशाला सरळ करत बसेल? म्हणजे तिथे कोणी हाताने काही कोरलंच नव्हतं. ते अख्खं तिकीट जुन्या रोलरवरून उठलं होतं. शिवाय चौथ्याच्या खांद्यामागे पडद्याच्या चुण्या अगदी पुसट दिसत होत्या. आधी तिथे नवं चित्र होतं. ते घासून सपाट केलं, आणि त्यावर जुनं दाबलं.

भावोजी सुटले, असं मला क्षणभर वाटलं. प्लेटवर रोलर दाबायचं काम त्यांचं नव्हतं.

पण जुना रोलर तर नष्ट झाला होता. दाखला माझ्याच फायलीत होता: साहेबांची सही, भावोजींची सही, आणि तिसरी माझी.

आणि तो नष्ट झाला नव्हता, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

४

हे मी पहिल्याच पानावर सांगायला हवं होतं. पण मला कुठलीही गोष्ट वेळेवर सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुना रोलर माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याच्याऐवजी एका बंद पडलेल्या तिकिटाचा झिजका रोलर कानशीखाली ठेवला. कोणी पाहिलं नाही. साहेबांनी सही त्यांच्या खोलीत बसून केली, भावोजींनी वाटेत, जिन्यात. चौथ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी त्याला कधी मतही दिलं नव्हतं. पण पहिल्या अवस्थेतली, म्हणजे बदल होण्याआधीची वस्तू नष्ट करणं माझ्याच्याने होत नाही. चाळीस वर्षं मी याचसाठी पगार घेतला.

दोन्ही रोलर एकाच खणात ठेवले. उजवीकडे नवा, डावीकडे जुना. दोन्ही तपकिरी कागदात गुंडाळलेले, प्रत्येकाबरोबर त्याच्या छापाचं नमुनाकार्ड. ही माझीच शिस्त: रोलर आणि त्याचं कार्ड कधी वेगळं करायचं नाही. नव्याच्या पुडीवर चिठ्ठी होती. जुन्यावर मी काही लिहिलं नव्हतं. लिहायची छाती झाली नाही.

आता मी तो खण उघडला. जुना रोलर नसला तर तो कोणीतरी चोरला आणि गुन्हेगार तोच, असा हिशेब होता. डावीकडची पुडी जागेवर होती. सोडली. रोलर आत होता, कार्डही होतं.

मला हायसं वाटलं. मग बोटांकडे लक्ष गेलं. ती काळी झाली होती. मी रोलर ठेवताना पिवळं ग्रीस लावतो. काळं तेल छापखान्यात एकच माणूस वापरतो.

५

रोलर दाबणाऱ्याला आम्ही पैलवान म्हणतो. खांदे तसे आहेत, आणि बोलणंही.

"काय वाळवी, उजेडात कशी काय?"

"पैलवान, त्रेसष्टाव्या जागेवर दुरुस्ती झाली होती?"

"झाली की. पाना निसटला हातातून. तीन रेघा पडल्या. घासून परत दाबलं." त्याला यात काही गैर वाटत नव्हतं. "वहीत लिहिलंय. शुक्रवार होता."

शुक्रवार. मी मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

"रोलर कुठून आणलास?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? तुमच्याकडून. तुम्हीच दिलात दारात. एका हातात पुस्तक होतं, पानात बोट घातलेलं. दुसऱ्या हाताने पुडी काढून दिलीत. मी म्हटलं, काय वाचताय, तर म्हणालात, खुनी सापडायला आलाय."

"पुडीवर चिठ्ठी होती?"

"तुमच्या हातून आलेल्या पुडीवर मी चिठ्ठी कशाला वाचू? संध्याकाळी परत आणून दिली, तीही तुम्ही न बघता खणात सारलीत."

"दाबताना चार माणसं दिसली नाहीत तुला?"

"मी चित्र बघत नाही हो. रोलरच्या कडेला ठिपका असतो, तो प्लेटवरच्या ठिपक्यावर बसला की पाय दाबायचा. तीस वर्षांत प्रमुख कसे दिसतात ते मी तिकिटावर पाहिलेलं नाही. पगाराच्या दिवशी भिंतीवर बघतो तेवढेच."

उजव्या हातात पुस्तक होतं. खणात डावा हात गेला, आणि तो डावीकडे गेला. पुस्तक खाली ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण तरीही एक गाळणी उरत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेचा छाप, जिला सगळा छापखाना मावशी म्हणतो, ती तपासते. तिच्या भिंगातून डासाचा पाय सुटत नाही. तिने हे पास कसं केलं? खरं सांगायचं तर तिच्याकडे जाणाऱ्या जिन्यावर मी आशा करत होतो की मावशी गुन्हेगार निघावी.

६

मावशी खिडकीशी बसून तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमची वाटच बघत होते," ती म्हणाली. "ताडून पाहिलं मी. जुळलं. वहीत सही आहे."

"कशाशी ताडलंत?"

"तुमच्या नमुनाकार्डाशी. पैलवानाने रोलरबरोबर आणून दिलं. एकाच पुडीत होतं ना?"

एकाच पुडीत होतं. चुकीच्या रोलरबरोबर त्याचंच चुकीचं कार्ड मी स्वतः बांधून दिलं होतं. तपासणीत ते जुळणारच होतं. माझ्याइतका नीटनेटका माणूस नसता, तर कार्ड वेगळ्या खणात असतं आणि चूक त्याच दुपारी पकडली गेली असती.

"पण मावशी, चौथा. तुम्हाला तो दिसला असेल."

आता तिने भिंग खाली ठेवलं.

"दिसला."

"मग?"

"मग काय? छापात चार, नमुन्यात चार. नमुना दप्तरखान्यातून आलेला. मला वाटलं, वर पुन्हा काहीतरी फिरलं असेल. गेल्या वर्षी झेंड्याचा काठ तीनदा बदलला, आठवतं? तेव्हा एकाने विचारलं होतं, नक्की कुठला घ्यायचा म्हणून. त्याच्या खुर्चीवर आता कुंडी आहे."

"एका तिकिटात चार आणि बाकीच्यांत तीन, हे विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. विचित्र वाटणं हे माझं काम नाही. ताडणं आहे." "माझा भाऊ सीमेपलीकडे आहे, तुम्हाला माहीतच आहे. मी जाऊन कोणाला विचारायचं, की चौथा परत आला का हो?"

सगळ्या दोऱ्या हातात आल्या होत्या आणि त्या माझ्याच बोटांना बांधलेल्या होत्या.

७

सोमवारी मी सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. चार पानं. झालर, पुसट चुण्या, काळं तेल, पैलवानाची वही, नमुनाकार्ड. शेवटी माझं नाव.

त्यांनी दोनदा वाचलं. मला वेड्यासारखं वाटत होतं की ते म्हणतील, छान उलगडलंत.

"म्हणजे कोणी काही केलंच नाही," ते म्हणाले.

"मी केलं, साहेब. रोलर लपवला तो गुन्हा आणि पुडी चुकली ती चूक. मेहुण्यांचा काही संबंध नाही. त्यांना सोडा, मला पाठवा."

"मंत्र्यांना मी काय सांगू? राष्ट्राचा शत्रू तपकिरी कागदात होता आणि एक म्हातारा गोष्टीचं पुस्तक वाचत होता?" त्यांचा आवाज चढला नाही. "त्यांनी परवाच्या भाषणात सांगून टाकलंय, छापखान्यात कटवाला होता. कटवाला दिसायला हवा. तुमचे मेहुणे दिसतात. पदक आहे, फोटो आहे, बोलल्याचे साक्षीदार आहेत. तुम्ही कुठल्याच फोटोत नाही."

"पण हे खरं आहे."

"असेल. आणि नष्ट केल्याच्या दाखल्यावर पहिली सही माझी आहे. न बघता केलेली. तेही तुमच्या चार पानांत आलंय. नीट लिहिलंय तुम्ही."

त्यांनी पानं घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. रोलर त्याच दिवशी माझ्यासमोर घासला गेला, या वेळी खराच. त्यानंतर मी वर तीन पत्रं पाठवली. पोच आली नाही. चौथं पत्र मी लिहिलं आणि पाठवलं नाही. का पाठवलं नाही, याची बरीच कारणं मी स्वतःला सांगत आलो आहे.

मंगळवारी भावोजींना राजधानीला नेलं.

८

सतरा महिन्यांनी प्रमुख गेले. कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. चौथा परत आला, आणि फुलं उधळणाऱ्यांत आमचे मंत्रीही होते.

छापखान्यात नवे साहेब आले. तरुण, हसरे. त्यांनी मला स्वतः खुर्ची ओढून दिली.

"तुमचे मेहुणे म्हणजे या देशाची शान," ते म्हणाले. "सगळे गप्प होते, तेव्हा या माणसाने शंभरात एक सत्य पेरलं. लोक ते तिकीट पाकिटात जपून ठेवतात. त्यांच्यावर आपण तिकीट काढतोय."

"ते अजून तुरुंगात आहेत, साहेब."

"तोच प्रश्न आहे. साधे कैदी कोर्टातून सुटतील, वर्ष लागेल. देशभक्तांची यादी मात्र सोमवारी निघते. त्यात नाव घालायला एक निवेदन हवं, की त्यांनी हे जाणूनबुजून केलं. घरच्या आणि कामातल्या माणसाचं असलं तर उत्तम."

मी सांगितलं. पुस्तक, डावा हात, पुडी, सगळं. दुसऱ्यांदा सांगताना मी जास्त चांगलं सांगितलं.

ते ऐकत राहिले, हसरेपणा न सोडता. "काका, कोणाला हवंय हे?"

मी सही केली. पहिल्यांदा खरं लिहिलं तेव्हा माणूस आतच राहिला. खोटं लिहिल्यावर सहा दिवसांत बाहेर आला.

भावोजी घरी आले. त्यांचा उजवा हात कापतो. समारंभात त्यांना मंत्र्यांशेजारी बसवलं, हार घातला, त्यांच्या चेहऱ्याचं तिकीट मोठं करून मागे लावलं. ते तिकीट दुसऱ्या कोणीतरी कोरलंय, आणि वाईट कोरलंय. कान चुकलेत.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघे जेवायला बसलो. भावोजींचा घास मधूनमधून सांडत होता. ताई तिकडे न बघता वाढत होती. घास खाली ठेवून ते माझ्याकडे वळले.

"तुला तरी ठाऊक आहे ना? मी नव्हतं केलं ते."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, सगळं, पहिल्यापासून.

"केलंत तुम्ही," ताई म्हणाली. तिने त्यांच्या ताटाखालची शितं पुसून घेतली, मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुठल्याही खणात ठेवू शकलेलो नाही. "तुम्हीच केलंत. जेवा आता."